नकाराचे कारण मागण्याचा हक्क

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातले वडीगोद्री हे सोलापूर-धुळे महामार्गावरचे गाव. जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी या पट्ट्यात फिरल्यापासून इथल्या शिवारात ऊस उभा असतो, मोसंबीच्या बागा असतात, आणि उसाच्या आडोशाने रानडुकरेही असतात. अशा गावातून शस्त्र परवान्यासाठी अर्ज करणारा माणूस बहुधा तीनपैकी एका प्रकारचा असतो. कोणी गावापासून दूर मळ्यातल्या वस्तीवर राहणारा शेतकरी असतो, कोणी रोकड घेऊन महामार्गावरून ये-जा करणारा व्यापारी असतो, तर कोणाला बंदूक संरक्षणापेक्षा मिरवायला हवी असते. तिघांचेही अर्ज एकाच वाटेने जातात. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे या कामापुरते जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो. तिथून चौकशीसाठी पोलीस अधीक्षकांकडे आणि पुढे स्थानिक ठाण्यात, म्हणजे गोंदीला उतरतो. अहवाल त्याच पायऱ्या चढून परत जालन्याला येतो. पुष्कळदा या प्रवासाच्या शेवटी अर्जदाराच्या हाती एका ओळीचा आदेश पडतो : पोलीस अहवाल प्रतिकूल असल्याने अर्ज नामंजूर. या एका ओळीत बरोबर काय आहे आणि काय कमी आहे, आणि ती ओळ घेऊन माणसाला कुठे जाता येते, हे समजून घेण्यासारखे आहे. माझे म्हणणे असे की, शस्त्राच्या बाबतीत सरकारचा हात जितका कडक असावा, तितकाच त्या कडकपणामागचा विचार कागदावर स्पष्ट असावा. आणि नाकारलेल्या अर्जावरचे अपील ही सोय बंदुका वाढवण्यासाठी नसून तो विचार कागदावर आणण्यासाठी आहे.

आधी एक गोष्ट स्वच्छ मान्य करायला हवी. भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. तो असावा असे एकेकाळी आपल्याच नेत्यांना वाटत होते. लॉर्ड लिटनच्या काळातल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले आणि युरोपियनांना मोकळे ठेवले, याची चीड काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांपासून ठरावांत उमटत होती. १९३१ च्या कराची ठरावातल्या नागरिकांच्या हक्कांत, नियमांच्या अधीन राहून, शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता. (वडीगोद्रीचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे इंग्रजी मुलखाचा कायदा तिथे थेट लागू नव्हता.) पण १९४८ च्या डिसेंबरात संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी हा हक्क संविधानात घालण्याची दुरुस्ती सुचवली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. असा हक्क सरसकट दिला तर चोर-दरोडेखोरही तो मागतील आणि राज्याला त्यांना अडवता येणार नाही, हा त्यांच्या विरोधाचा गाभा होता. दुरुस्ती पडली. संविधानात उरले ते विनाशस्त्र एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आणि केंद्राच्या यादीतली शस्त्रांविषयीची पाचवी नोंद. फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हाही अमेरिकेतल्यासारखा शस्त्राचा हक्क आपल्या संविधानात नाही, याची न्यायालयाने आठवण करून दिली.

इथे बरेच जण थांबतात. हक्कच नाही, मग नाकारले तर तक्रार कसली, असा त्यांचा प्रश्न असतो. पण वस्तू मिळण्याचा हक्क नसला तरी अर्जाचा न्याय्य विचार होण्याचा हक्क असतो, आणि १९५९ चा शस्त्र अधिनियम नेमका याच पायावर उभा आहे. तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याचे कलम १३ वाचले की एक फारशी माहीत नसलेली गोष्ट दिसते. नागरिकाने संरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत नळीची बंदूक मागितली, किंवा शेतकऱ्याने पिकाच्या राखणीसाठी खरोखरच ठासणीची बंदूक मागितली, तर परवाना द्यावा, असे कायदा म्हणतो. तिथे ‘सबळ कारण’ दाखवण्याची वेगळी अट नाही. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर यांसारख्या इतर शस्त्रांसाठी मात्र अर्जदाराकडे सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. म्हणजे मळ्यातल्या शेतकऱ्याची ठासणीची बंदूक आणि कंबरेला लावायचे पिस्तूल यांत कायद्याने स्वतःच फरक केला आहे. नामंजुरीच्या आदेशात हा फरक पुसला गेला असेल, शेतकऱ्याला ‘जीवितास धोका असल्याचे दिसून येत नाही’ असे साचेबंद उत्तर मिळाले असेल, तर अपिलाचा पहिला मुद्दा तिथेच सापडतो. त्याने जीविताचा धोका सांगितलाच नव्हता; त्याने पीक सांगितले होते.

अर्थात कलम १४ हे कलम १३ च्या वर बसते. प्रतिबंधित शस्त्र मागितले तर नकार; अर्जदाराला कायद्यानेच मनाई असेल, तो मनोरुग्ण असेल किंवा ‘कोणत्याही कारणाने अयोग्य’ वाटत असेल तर नकार; सार्वजनिक शांतता आणि सुरक्षितता यांसाठी गरजेचे वाटले तरी नकार. कायद्याने मनाई कोणाला, हे कलम ९ सांगते : एकवीस वर्षे पूर्ण न झालेल्याला, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला, शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे, आणि शांतता राखण्याचे किंवा चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून देण्याचा आदेश झालेल्याला, त्या बंधपत्राच्या मुदतीपुरती. ही यादी नीट वाचली पाहिजे, कारण पोलीस अहवालातला गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. यादीत शिक्षा आहे, दाखल गुन्हा नाही. यादीत बंधपत्राचा आदेश आहे, नोटीस नाही. गावात सण, निवडणूक, भावकीतला बांधाचा वाद यांच्या निमित्ताने चॅप्टर केस होते, म्हणजे जुन्या फौजदारी संहितेच्या कलम १०७ ची आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ ची कारवाई. दोन्ही बाजूंच्या वीस-वीस जणांना नोटिसा जातात आणि बरीच प्रकरणे पुढे काहीच न होता बंद होतात. पण ठाण्याच्या नोंदवहीत नाव राहते, आणि पुढे कधीतरी ते ‘प्रतिबंधक कारवाई झालेली आहे’ अशा वाक्यातून अहवालात येते. वाक्य खोटे नसते. पण त्यातून मनाई सिद्ध होत नाही.

दाखल गुन्हा किंवा जुनी नोटीस विचारात घेऊच नये, असे मी म्हणत नाही. ‘कोणत्याही कारणाने अयोग्य’ हे शब्द त्यासाठीच आहेत, आणि ते मुद्दाम रुंद ठेवलेले आहेत. दारू पिऊन घरच्यांना मारणाऱ्या माणसाला अजून शिक्षा झाली नाही म्हणून बंदूक द्यावी, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. पण जिथे मनाई आपोआप लागत नाही तिथे अधिकाऱ्याला स्वतःची बुद्धी लावावी लागते : गुन्हा कसला, किती जुना, त्याचे काय झाले, आणि त्यावरून या माणसाच्या हातातल्या शस्त्राविषयी काय अनुमान निघते. परवाना रद्द करण्याच्या प्रकरणांत अलाहाबाद उच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे की, केवळ गुन्हा प्रलंबित आहे एवढेच कारण पुरेसे नाही. त्यातून सार्वजनिक शांततेला धोका कसा होतो ते दिसले पाहिजे. नवा परवाना देताना अधिकाऱ्याला जरा जास्त मोकळीक असणे रास्त आहे, कारण इथे असलेले काही काढून घ्यायचे नसते. तरी विचाराची दिशा तीच राहते.

हा विचार आदेशातच दिसला पाहिजे, नंतर वकिलाच्या तोंडून नव्हे, हे तत्त्व आपल्याकडे एका मुंबईच्या खटल्याने रुजवले. अंधेरीत चित्रपटगृह बांधण्याची परवानगी गोर्धनदास भानजी यांना मुंबईच्या पोलीस आयुक्तांनी दिली आणि पुढे, सरकारच्या निर्देशावरून ती रद्द केल्याचे कळवले. परवानगी देण्या-न देण्याचा अधिकार नियमांनी आयुक्तांना दिला होता, सरकारला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये निकाल दिला; तो लिहिला न्या. व्हिव्हियन बोस यांनी, जे त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. ज्याच्या हाती अधिकार आहे त्यानेच विचार करून निर्णय घ्यावा, आणि सार्वजनिक आदेशाचा अर्थ त्यातल्या शब्दांवरूनच लावावा. माझ्या मनात तेव्हा काय होते हे अधिकाऱ्याने मागाहून सांगून चालणार नाही, असा त्या निकालाचा सारांश. १९७७ मध्ये निकाल लागलेल्या मोहिंदरसिंग गिल खटल्यात हेच तत्त्व आणखी पक्के झाले. आता गोंदी ठाण्याच्या अहवालाकडे परत पाहा. कायद्यात निर्णय जिल्हादंडाधिकाऱ्यांचा आहे. पोलीस अहवाल हे त्यांच्यासमोरचे एक साधन आहे. अहवाल वेळेत आला नाही तर त्याची वाट न पाहता निर्णय देण्याची मुभाही कायद्याने त्यांना दिली आहे. तेव्हा ‘अहवाल प्रतिकूल म्हणून नामंजूर’ एवढेच लिहिले, तर निर्णय प्रत्यक्षात ठाण्यात झाला आणि जालन्यात फक्त सही झाली, असा त्याचा अर्थ होतो.

वडीगोद्रीच्या बाबतीत सार्वजनिक शांततेचे कारण विशेष नाजूक आहे. शेजारच्या अंतरवाली सराटीतले मराठा आरक्षणाचे आंदोलन सप्टेंबर २०२३ मधल्या लाठीमारानंतर राज्यभर पोहोचले, आणि जून २०२४ मध्ये ओबीसी आरक्षणाच्या रक्षणासाठी लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांनी वडीगोद्रीतच उपोषण केले. हाकेच्या अंतरावर दोन विरुद्ध मागण्यांची आंदोलने, मधून जाणारा महामार्ग, आणि पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या बांधाला बांध लावून राहणारी माणसे. अशा भागात नव्या बंदुका देताना अधिकारी बिचकला तर त्याला दोष देता येणार नाही. पण परिसर संवेदनशील आहे हे कारण गावातल्या प्रत्येकाला सारखेच लागू पडते, म्हणून ते एकट्या कोणाविषयीच काही सांगत नाही. अर्जदार त्या तणावात कुठे उभा होता, त्याच्यावर त्या काळात काही नोंद आहे का, की उलट दोन्ही बाजूंना शांत करणाऱ्यांत तो होता, हे पाहिल्याशिवाय परिसराचे कारण व्यक्तीला चिकटवता येत नाही. निवडणुकीच्या काळात शस्त्रे जमा करून घेतानाही हीच पद्धत अपेक्षित आहे. जिल्हादंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती कोण जामिनावर आहे, कोणाचा गुन्हेगारी पूर्वेतिहास आहे, कोण पूर्वी दंगलीत होते, असे पाहून ठरवते. निवडणुकीच्या धामधुमीत जे माणसागणिक पाहता येते, ते एरवी पाहता येत नाही असे म्हणणे पटत नाही.

आता अपिलाची वाट. नकार दिला तर कारणे लेखी नोंदवणे अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. पण त्या कारणांचे संक्षिप्त निवेदन अर्जदाराला मिळते ते त्याने मागितल्यावर. कलम १४(३) मधला हा ‘मागितल्यावर’ शब्द पुष्कळांच्या लक्षात येत नाही आणि ते रिकाम्या हाताने अपिलाला जातात. आदेश निघाल्याच्या तारखेपासून तीस दिवसांत अपील करायचे असते. कलम १८ प्रमाणे ते लेखी हवे, सोबत मिळालेले कारणांचे निवेदन आणि ठरलेली फी हवी. जालन्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशावर ते छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्तांकडे जाते. पोलीस आयुक्तालय असलेल्या पुण्या-मुंबईसारख्या शहरांत आयुक्तांच्या आदेशावर ते राज्य सरकारकडे जाते. उशीर झाला आणि त्याला पुरेसे कारण असेल तर तो माफ होऊ शकतो. अपिलकर्त्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय अपील निकाली काढता येत नाही. खुद्द सरकारने किंवा सरकारच्या निर्देशावरून दिलेल्या आदेशावर मात्र हे अपील चालत नाही. अपिलातला निर्णय कायद्याच्या भाषेत अंतिम असला तरी उच्च न्यायालयाचा रिट अधिकार शिल्लक असतो, आणि मराठवाड्यासाठी तो औरंगाबाद खंडपीठात आहे. तिथे न्यायालय सहसा परवाना स्वतः देत नाही. निर्णय कसा घेतला ते तपासते आणि चूक दिसली तर प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवते.

यावर पहिला आणि सगळ्यांत वजनदार आक्षेप असा की, वाट जितकी सोपी तितक्या बंदुका जास्त. गोदावरी ओलांडली की लागणाऱ्या बीड जिल्ह्याचे उदाहरण ताजे आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि त्यानंतर त्या जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक शस्त्र परवान्यांचा प्रश्न राज्यापुढे आला. समाजमाध्यमांवर पिस्तुले नाचवणारी माणसे दिसली, आणि पुढे प्रशासनाने छाननी करून शंभराहून अधिक परवाने रद्द केले. मी या आक्षेपाला हलके मानत नाही. पण बीडने दाखवलेली चूक नेमकी कोणती? अपिलात हरलेल्या अधिकाऱ्यांनी नाइलाजाने परवाने दिले, असे तिथे पुढे आले नाही. गुन्हे नावावर असलेल्यांनाही परवाने मिळाले कसे आणि राहिले कसे, हा तिथला प्रश्न होता. कारण न लिहिता नाकारणे आणि कारण न तपासता देणे, ही दोन्ही एकाच सवयीची फळे आहेत. जिथे आदेशात विचार लिहिण्याची सक्ती नसते तिथे गरीब शेतकऱ्याचा अर्ज एका ओळीत पडतो आणि वजनदार माणसाचा अर्ज एका ओळीत पास होतो. म्हणूनच, केवळ पुरेशी मालमत्ता नाही म्हणून परवाना नाकारू नये, ही कलम १४(२) मधली तरतूद मला मोलाची वाटते. बंदूक ही श्रीमंताची खूण होऊ नये, हे १९५९ च्या संसदेने ओळखले होते.

दुसरा आक्षेप त्याहून अवघड आहे : अपिलाची सोयच गैरवापराला आमंत्रण देते. २०२५ मध्ये पुण्यात पोलिसांनी नाकारलेला एक परवाना गृह राज्यमंत्र्यांनी अपिलात मंजूर केला, अर्जदार कुख्यात टोळीप्रमुखाचा नातेवाईक निघाला, आणि ऑक्टोबरात त्यावर मोठा गदारोळ झाला. अर्जदार जुन्या खटल्यांतून निर्दोष सुटला आहे, असा निर्णयाचा बचाव झाला. या प्रकरणात कोणाचे बरोबर हे ठरवण्याची ही जागा नाही, पण त्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक म्हणजे निर्दोष सुटका ही अपिलातली भक्कम बाजू असली तरी ती शेवटचा शब्द नाही. फौजदारी न्यायालय गुन्हा शंकेपलीकडे सिद्ध झाला का ते पाहते, परवाना देणारा अधिकारी पुढचा धोका पाहतो, आणि दोघांची मोजपट्टी वेगळी आहे. दुसरी गोष्ट, अपील ऐकणाऱ्यानेही कारणे लिहिली पाहिजेत. पोलिसांनी दाखवलेला धोका आपल्याला का पटला नाही, हे मुद्द्यागणिक लिहिणारा आदेश टिकतो. न लिहिणारा आदेश कोणाच्याही सहीचा असला तरी संशयास्पदच राहतो. अपिलाची सोय काढून टाकल्याने हा दोष जात नाही, तो फक्त खालच्या पायरीवर सरकतो, जिथे त्याची बातमीही होत नाही.

तिसरा आक्षेप गुप्ततेचा. खबऱ्याने दिलेली माहिती अर्जदाराला कशी दाखवायची? कायद्याने याचे उत्तर दिले आहे : सार्वजनिक हिताला बाध येत असेल तर कारणांचे निवेदन न देण्याची मुभा आहे. पण ती अर्जदाराला देण्यापुरती आहे, कारणे नोंदवण्यातून सूट देणारी नाही. ती फाईलमध्ये असलीच पाहिजेत, म्हणजे विभागीय आयुक्तांना आणि गरज पडल्यास न्यायालयाला ती वाचता येतात. अमेरिकेशी तुलना इथे उपयोगी पडते. तिथे १९९३ च्या ब्रेडी कायद्यानंतर नोव्हेंबर १९९८ पासून दुकानातल्या खरेदीच्या वेळी एफबीआयच्या संगणकीय नोंदींतून ग्राहकाची तपासणी होते. नकार आला तर ग्राहक कारण विचारू शकतो आणि अपील करू शकतो. नामसाधर्म्यामुळे किंवा जुन्या खटल्याचा निकाल नोंदवला न गेल्यामुळे चुकीचे नकार येतात, म्हणून पुन्हा तसे होऊ नये यासाठी आपली कागदपत्रे त्या यंत्रणेकडे कायम ठेवून ओळख क्रमांक घेण्याचीही सोय आहे. तिथे बंदूक हा हक्क आहे, म्हणून अपात्रता सरकारने दाखवायची. आपल्याकडे ती सवलत आहे, म्हणून गरज पुष्कळदा अर्जदाराने दाखवायची. तिथले बंदुकांचे प्रमाण आणि त्याची किंमत पाहता आपली दिशाच मला योग्य वाटते. पण नोंद चुकीची असेल तर ती दुरुस्त करून घेण्याची सोय ही हक्क-सवलतीच्या वादापलीकडची आहे. आपल्याकडे परवान्यांचा राष्ट्रीय माहितीसाठा आहे, प्रत्येक परवान्याला क्रमांक आहे. मात्र ठाण्याच्या नोंदवहीतली बंद झालेली चॅप्टर केस आपोआप पुसली जात नाही.

म्हणून अपिलाचा कागद भावनेपेक्षा दाखल्यांवर उभा करावा. गुन्ह्याचा उल्लेख असेल तर निकालाची प्रमाणित प्रत. चॅप्टर केस असेल तर ती कशी निकाली निघाली त्याची नक्कल. पीक राखायचे असेल तर सातबारा, मळ्यातल्या वस्तीचा पुरावा आणि वनविभागाने केलेले नुकसानीचे पंचनामे. शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण आणि शारीरिक-मानसिक आरोग्याचा दाखला यांत त्रुटी असेल तर ती भरून काढून नव्याने अर्ज करणे अपिलापेक्षा पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. आणि पिकासाठी बंदूक मागणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावे की शस्त्र परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर किंवा रोही मारायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वनविभागाची वेगळी परवानगी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे. एकदा दिलेला परवाना आता जास्त काळ चालतो, म्हणजे पहिल्या निर्णयाचे वजनही वाढले आहे.

हे वजन पेलायचे तर विभागीय आयुक्तांनी शस्त्र परवान्यांच्या अपिलांवरचे आपले निर्णय, अर्जदारांची नावे झाकून, प्रसिद्ध करावेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आज प्रत्येक अपील सुटे असते. एका प्रकरणात ‘जुनी नोटीस म्हणजे मनाई नव्हे’ असे ठरले तरी ते अंबडच्या उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याला किंवा गोंदीच्या ठाणेदाराला कळण्याची निश्चित वाट नाही, आणि पुढचा अहवाल पुन्हा त्याच वाक्याने लिहिला जातो. निर्णय वाचायला मिळाले तर ठाणेदाराला कळेल की कोणता अहवाल टिकतो : ज्यात गुन्हा क्रमांकापुढे निकाल आहे, घटनेपुढे तारीख आहे, आणि शेजाऱ्यांचे जबाब ऐकीव माहितीवर नसून पाहिलेल्या गोष्टींवर आहेत. असा अहवाल मळ्यातल्या शेतकऱ्याला ठासणीची बंदूक मिळवून देईल तेव्हा देईल. बंदूक मिरवणाऱ्याला ती नाकारण्याचे काम मात्र तो आजच्या एका ओळीपेक्षा कितीतरी खात्रीने करील, कारण तो नकार अपिलातही टिकेल आणि खंडपीठातही.